एकास चोवीस

पुण्यात सिग्नलला एखादा मध्यमवयीन गृहस्थ शेजारच्या टेम्पोच्या मडगार्डकडे टक लावून बघताना दिसला, तर त्याला टेम्पो विकत घ्यायचाय असं समजू नका. तो गंज बघत असतो. गंज कुठून धरलाय, रंगाचा पापुद्रा कुठे सुटलाय, चाकाने उडवलेला चिखल दारावर किती उंचीपर्यंत गेलाय आणि वर जाताजाता कसा विरळ झालाय, हे सगळं तो मनात टिपून घेत असतो. सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न बडवायला लागतात, आणि हा स्वतःशीच पुटपुटतो, ‘काय वेदरिंग आहे राव!’

हा मॉडेलवाला. प्लॅस्टिकची किटं आणून, तुकडा तुकडा जोडून, रंगवून छोट्या मोटारी तयार करणारा. वय पंचेचाळीस ते साठच्या मधलं. नोकरी बहुधा बँकेतली, नाहीतर आयटीतली. चष्मे दोन: एक डोळ्यांवर, दुसरा भिंगाचा, कपाळावर सरकवलेला, भाजी आणायलाही तो तसाच जातो. खाली पार्किंगमध्ये याची खरी गाडी धुळीने इतकी माखलेली असते की सोसायटीतली पोरं तिच्यावर बोटाने क्रिकेटचा स्कोअर लिहितात. ती धुवायचा विषय निघाला की हा म्हणतो, ‘रविवारी बघू.’ रविवारी तो गाडी बघतोच. फक्त ती सोळा सेंटिमीटरची असते.

या माणसाचं जग चोवीसने भागलेलं असतं. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. जपानी आणि युरोपी कंपन्यांच्या मोटारी बहुतेक याच मापात येतात. अमेरिकेत मात्र पूर्वी मोटारविक्रेते गिऱ्हाइकांना जाहिरातीसाठी छोट्या मोटारी वाटत, त्या १:२५ च्या असत आणि तिकडच्या किटांनी तेच माप पुढे चालवलं. फरक चार टक्क्यांचा. तुम्ही-मी दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर आपल्याला कळणारही नाही. याला झोप लागत नाही. म्हणून कपाटात अमेरिकन गाड्यांचा कप्पा वेगळा, आणि तिथली गाडी चुकून वरच्या कप्प्यात गेली तर घरात सोवळं मोडल्यासारखी शांतता पसरते.

हिशेब तोंडपाठ. रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड बसला, तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा झाला. ‘अडीच मिलिमीटर! एवढा रंग तर एसटीच्या पत्र्यावरही नसतो.’ धुळीचा अर्ध्या मिलिमीटरचा कण ओल्या बॉनेटवर बसला, तर तो तिथे बारा मिलिमीटरचा धोंडा. त्यामुळे रंग मारायच्या आधी घरातला पंखा बंद, खिडक्या बंद, चादरी झटकायला बंदी. रंग मारून झाला की स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं गाडीवर पालथं घातलं जातं. त्या दिवशी पाहुणे आले तर पोहे कढईत होतात, आणि तेही दोन घाण्यांत.

मॉडेल करणाऱ्यांतही पोटजाती आहेत आणि हा स्वतःला सगळ्यांत वरचा समजतो. धातूच्या तयार (डायकास्ट) गाड्या विकत घेणाऱ्यांना तो माणसात धरतो, पण पंगतीला घेत नाही. रणगाडेवाल्यांविषयी त्याचं मत विचारू नका. तरी विचारलंतच तर म्हणेल, ‘त्यांचं काय, सांधा बुजला नाही की वरून चिखल फासायचा. मोटारीला लपायला जागा नाही.’ हे मात्र मला पटतं. विमानं आणि रणगाडे मॅट असतात, मोटारीला चकाकी लागते, आणि चकाकी फार चहाडखोर. पॉलिश पेपरचा एक ओरखडा राहिला तरी वरच्या क्लिअर कोटमधून तो दुप्पट होऊन दिसतो. म्हणून हा ६०० पासून २००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत बसतो. आधी भांड्यांच्या साबणाने सुटे भाग धुऊन त्यांच्यावरचा साच्याचा तेलकटपणा काढतो. घरातली भांडी घासायची वेळ आली की त्याची मान धरते.

रेल्वेवाल्यांशी त्याचे संबंध बरे आहेत. पाहुण्यांना कोथरुडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवायला तो हौसेने नेतो, पण तिथेही गाड्या पळत असताना याची नजर फाटकाशी उभ्या असलेल्या इवल्या मोटारींवर. ‘यांचं माप वेगळं,’ तो कानात सांगतो, जणू एखाद्याच्या घरातली नाजूक गोष्ट.

सरकारवर मात्र राग आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० झालं. देशी खेळण्यांचे कारखाने चालावेत हा हेतू, आणि त्यात गैर काही नाही. पण कस्टम्सच्या वहीत तीनचाकी सायकल, बाहुली आणि याची पोर्शे हे सगळे एकाच शीर्षकाखाली येतात. सत्तर टक्के तो एक वेळ सोसेल. बाहुली त्याच्या जिव्हारी लागते. परदेशातला भाचा ‘येताना काय आणू?’ विचारतो तेव्हा घरचे बदाम-चॉकलेटं सांगतात, हा किटचा नंबर सांगतो. भाचा किट आणतोही, पण रंगाचे स्प्रे विमानात चालत नाहीत. मग पुढचे सहा महिने ती विशिष्ट निळी छटा भारतात कुणाकडे आहे याचा तपास. एवढ्या तपासात एखाद्या मुलीचं स्थळ जमलं असतं.

पोर्शे तर घराघरांत मॉडेलवाल्यांनी सांगितलेल्या एका कथेची नायिका आहे. जपानमधल्या शिझुओकाचे शुन्साकु तामिया यांना १:१२ मापाची पोर्शे ९३४ काढायची होती. माप चुकायला नको म्हणून त्यांनी एक खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा नट-बोल्ट वेगळा केला. ती परत जोडायला पोर्शेच्या मेकॅनिकांना बोलवावं लागलं. किट १९७६ साली आलं. मॉडेलवाला ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतो आणि शेवटी बायकोकडे बघतो. बायको पार्किंगमधल्या आपल्या गाडीची किल्ली पर्समध्ये टाकते.

न जोडलेली किटं किती आहेत हे त्यालाही नक्की माहीत नसतं. ती माळ्यावर असतात, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे. वर्षातून एकदा मखर खाली येतं आणि मागची भिंत उघडी पडते.

‘अहो, हे लाल खोकं मागच्या वर्षी नव्हतं.’

‘अगं, जुनंच आहे. कडेला होतं.’

गणपतीसमोर तो खोटं बोलत नाही, म्हणून हे संभाषण नेहमी मखर लागायच्या आत होतं.

रंगाचं काम ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि केरसुणी यांच्या मध्ये. पुठ्ठ्याच्या खोक्याला स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा लावून केलेला बूथ, खाली घरघरणारा कॉम्प्रेसर. पण खरा वैरी पावसाळा. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, त्यामुळे रंगाचा पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते, आणि काळी कुळकुळीत गाडी डोळ्यांदेखत ताक शिंपडल्यासारखी पांढुरकी होते. म्हणून मृग लागला की याचा हंगाम संपतो. चार महिने तो सीटा, डॅशबोर्ड, इंजिनाच्या वायरी असलं ब्रशने करायचं काम काढतो आणि रोज सकाळी हवामान खात्याचा अंदाज वाचतो. शेजारच्या काकांना वाटतं की याची गावाकडे सोयाबीन आहे. ऑक्टोबरमध्ये एखाद्या दुपारी आर्द्रता खाली आली की ऑफिसात याच्या अंगात कणकण येते आणि तो लवकर घरी जातो.

पण त्याला खरं ओळखायचं तर त्याच्या पद्मिनीपर्यंत जायला हवं. फियाट ११०० च्या घराण्यातली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी. काळं अंग, पिवळं टप. तिचं हवं तसं किट याला कुठे मिळालं नाही, म्हणून प्लॅस्टिकचे पत्रे कापून ती मुळापासून करायची ठरली. मापं घ्यायला हा मुंबईत एका टॅक्सी स्टँडवर टेप आणि व्हर्नियर घेऊन गेला. ड्रायव्हरला वाटलं आरटीओचा माणूस. मग वाटलं, फायनान्सवाला. शेवटी त्यानेच टेपचं दुसरं टोक धरलं.

‘इतना नाप के करोगे क्या साहब?’

‘छोटी बनाऊंगा.’

‘कितनी छोटी?’

याने हात पसरून वीतभर दाखवलं. ड्रायव्हरने त्या वितीकडे बराच वेळ पाहिलं. ‘उसमें बैठेगा कौन?’

याला उत्तर नव्हतं. त्याने मीटरचा फोटो काढला.

बरं झालं काढला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ती अधिकृतपणे उरली नाही. याच्या टेबलावर मात्र ती अजून नोंदणीच्या आधीच्या अवस्थेत आहे. पिवळा रंग काळ्यावर चढत नाही, म्हणून आधी पांढरा प्रायमर, मग टपाला पिवळा, त्यावर मास्किंग टेप, मग अंगाला काळा. टेप काढताना घरातल्या कुणीही श्वास घ्यायचा नाही. बाहेरच्या अंगाला डाव्या बाजूला तो जुना लोखंडी मीटर, चार-पाच मिलिमीटरचा. त्यावर एक रुपया शून्य पैसे लिहिलंय, कारण भाडं मीटरवर नव्हे, कार्डावर बघायचं असे. ते कार्डही त्याने छापलंय आणि डॅशबोर्डवर ठेवलंय. भिंगातूनही वाचता येत नाही. ‘पण आहे,’ तो म्हणतो. अँटेना हवी होती, तर किटच्या चौकटीची काडी ज्योतीवर धरून, मऊ झाली की दोन्हीकडून हळूच ताणायची; केसाएवढी तार निघते. ज्योत समईची होती. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

मग लिंबू-मिरची. पुढच्या बंपरला ती हवीच. लिंबू पुटीचं, पावणेदोन मिलिमीटर. मिरच्या तांब्याच्या बारीक तारेच्या, हिरव्या रंगवलेल्या, प्रत्येकी तीन मिलिमीटर. सात. पाच केल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं, पण दृष्ट लागायची ती लागलीच असती. दोन रविवार त्यात गेले. ओवून झाल्यावर चिमट्याने उचलली, आणि चिमट्यातून जे सुटतं ते कुठे जातं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. सगळं घर गुडघ्यांवर आलं. मोबाइलचे टॉर्च लागले. सासूबाईंना एक मिरची सापडली. संध्याकाळी कामाच्या मावशी आल्या, आणि हा ओरडेपर्यंत केर भरून झाला होता. मावशी म्हणाल्या, ‘दादा, लिंबू-मिरची पडलेली असली तर ओलांडू नये, उचलू नये. गेली ते बरं झालं.’ त्यांनी केराच्या डब्यावर झाकण घातलं.

पाहुण्यांचा त्रास वेगळा. ते कपाटासमोर उभे राहतात आणि विचारतात, ‘रिमोट कुठाय?’ काहींना किंमत हवी असते. सगळ्यांत वाईट पाहुणी म्हणजे जी प्रेमाने म्हणते, ‘अय्या, आमच्या बंटीला एक द्या ना खेळायला!’ त्या वेळी याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याला रंगाची शेड नाही.

मध्यंतरी एका रिक्षाने याच्या खऱ्या गाडीचं मागचं दार खरवडलं. रिक्षावाला भांडायच्या तयारीने खाली उतरला. हा दाराशी उकिडवा बसला होता. वरचा क्लिअर, मग निळा, मग राखाडी प्रायमर, मग पत्रा. चारही थर कडेला एकामागून एक स्वच्छ दिसत होते. ‘काय सुंदर चिपिंग आलंय,’ तो म्हणाला आणि फोटो काढू लागला. रिक्षावाल्याने एक शब्दही न बोलता रिक्षा पळवली.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न असल्यामुळे बायकोने गाडी गॅरेजमध्ये पाठवली. हा दोन दिवस पेंटरच्या मागे उभा. पेपर कुठला वापरलात, हवेचा दाब किती, पहिला हात पातळ दिलात ना. पेंटरने शेवटी स्प्रे गन याच्या हातात दिली. ‘घ्या साहेब, तुम्हीच मारा.’ याने ती हातात तोलली, दाराकडे बघितलं, आणि परत केली. एवढं मोठं दार त्याने कधी रंगवलेलं नव्हतं.

काम झालं. पेंटर म्हणाला, ‘दुपारी चारला न्या.’ याने दाराला नाक लावलं. मॉडेलवाल्यांची ही परीक्षा आहे: रंगाचा वास येतोय तोवर रंग पक्का झालेला नाही.

‘वास येतोय अजून.’

‘साहेब, हे गॅरेज आहे.’

‘तीन आठवडे हात लावायचा नाही.’

लग्नाला सगळे रिक्षाने गेले. गाडी अजून गॅरेजमध्येच आहे, जागा अडवून. पेंटर एक दिवसाआड फोन करून कधी नेताय विचारतो, आणि हा त्याला आजची आर्द्रता सांगतो.