अर्धा नंबर

दादा बुटांच्या दुकानात रिकाम्या हातानं शिरत नाही. खांद्याच्या पिशवीत त्याचे स्वतःचे लोकरीचे मोजे असतात, त्यांच्या आत घालायचे पातळ मोजे असतात, दोन जोड जास्तीचे इनसोल असतात, एक पोलादी पट्टी असते आणि कागदावर पेन्सिलीनं गिरवलेली दोन्ही पावलांची बाह्यरेषा असते. वेळ संध्याकाळी सहानंतरची. दिवसभर वावरून पाय थोडा फुगतो, म्हणून बूट संध्याकाळीच घ्यावेत, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या घरात लग्नाच्या मोजड्यासुद्धा दिवेलागणीला खरेदी होतात.

दादा माझा मावसभाऊ. बँकेत नोकरी, कोथरूडला फ्लॅट आणि पाऊस सुरू झाला की दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला. पाय लांबीला सात नंबर, रुंदीला जवळजवळ काहीच नाही. टाच निमुळती, घोटा बारीक आणि पावलाच्या वरच्या बाजूला इतरांना असतो तो उंचवटा देवाकडून घाईत द्यायचाच राहून गेलेला. "शेवग्याच्या शेंगा आहेत नुसत्या," वहिनी म्हणते. दादाला ते लागत नाही. "शेंगांना बूट लागत नाहीत," एवढंच तो म्हणतो.

बूट चावणाऱ्या माणसाला जगात सहानुभूती आहे. "वापरून सैल होईल", "तेल लावा", "रात्री ओले कागद कोंबून ठेवा" असे उपाय त्याला रस्त्यावरचा कुणीही देतो. दादाचं दुःख उलटं आहे. त्याला कुठलाही बूट चावत नाही, कारण कुठलाही बूट त्याच्या पायापर्यंत पोहोचतच नाही. लांबी बरोबर घेतली, तर आत पाय पोहतो. चढताना टाच उचलली जाते आणि फोड येतो. उतरताना अख्खं पाऊल पुढं घसरतं आणि अंगठा बुटाच्या नाकावर आपटतो. तोरण्याच्या उतारावर असं तासभर झालं की नखाचा रंग जांभळा होतो, मग काळा. कुठल्या अंगठ्याचं नख किती काळं आहे ते बघून वहिनी गेल्या महिन्यात कुठला किल्ला झाला ते सांगू शकते.

"मग अर्धा नंबर लहान घे," असं मी एकदा म्हणालो. त्यावर मला चहा निवेपर्यंत व्याख्यान ऐकावं लागलं. इंग्लंडच्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साडेआठ मिलिमीटरला किंचित कमी. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. बुटाच्या खोक्यावर जो 41, 42 असा आकडा असतो तो वेगळ्याच हिशेबाचा, तिथं एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. "म्हणजे दोन्ही पट्ट्या एकमेकींशी कधी नीट जुळतच नाहीत. आणि दोन्ही मोजतात काय? लांबी! अरे, पाय काय साडी आहे का, फक्त लांबी मोजायला?"

दुकानातला त्याचा विधी ठरलेला आहे. आधी लेस पूर्ण सैल. पाय आत. मग टाच फरशीवर ठक्‌ ठक्‌ आपटून मागं बसवायची. मग लेस खालून वर, प्रत्येक आकड्याला वेगळा ताण देत. घोट्यापाशी एक जादा वेढा, म्हणजे टाच जागेवर राहते. मग उभं राहणं, चवड्यांवर उभं राहणं, गुडघे वाकवणं आणि शेवटी उतार. काही दुकानांत चालून बघायला छोटा लाकडी उतार असतो. नसेल तर दादा इमारतीचा जिना वापरतो. एका मॉलमध्ये तो नवे बूट घालून गाड्यांच्या रॅम्पवरून उलटसुलट उतरत होता, तेव्हा सिक्युरिटीवाल्यानं त्याला अदबीनं हाताला धरून लिफ्टपर्यंत सोडलं.

तिथल्याच दुकानातल्या पोरानं त्याला विचारलं होतं, "बसला ना काका?"

"लांबीला बसला," दादा म्हणाला, "पण व्हॉल्यूम फार आहे."

पोरगं "सॉरी काका" म्हणत पळालं आणि त्यानं दुकानातलं गाणं बारीक केलं.

इतक्या वर्षांत एकाच माणसानं दादाचं दुखणं पहिल्या नजरेत ओळखलं. चौकातल्या झाडाखाली बसणारे चांभारकाका. दादानं बूट पुढं केला, पाऊल पुढं केलं, पिशवीतला कागद काढला. काकांनी कागदाकडे बघितलंही नाही. आरी खाली ठेवून ते म्हणाले, "साहेब, बुटात दोष नाही. पाय कमी पडतोय." मग त्यांनी जाड नमद्याचा एक तुकडा कापून बुटाच्या जिभेखाली चिकटवला. पाय मागं टाचेकडे रेटला गेला आणि त्या पावसाळ्यात दादाची नखं पहिल्यांदा माणसासारखी गुलाबी राहिली. दादा अजूनही त्यांचा उल्लेख "डॉक्टर" असा करतो.

या शोधापायी दादा विद्वान झालाय. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम असला, पिठलं-भाकरी झाली, की बाकीचे सुवेळा माचीकडे बघत इतिहासात शिरतात आणि दादा तळव्यात शिरतो. "हे रबरी खाचांचं सोल कुठून आलं माहितीये? 1935 साली इटलीत पुंता रासिका नावाच्या शिखरावर सहा जण वादळात सापडून गेले. पायात त्या थंडीला न चालणारे बूट. त्यांच्या बरोबरीचा विताले ब्रामानी वाचला आणि त्यानं पुढं दोन वर्षांत रबराचा तळ काढला. म्हणून व्हिब्राम!" मग एव्हरेस्ट. 29 मे 1953 च्या पहाटे हिलरीचे बूट गोठून दगड झाले होते आणि शिखरावर निघण्याआधी त्यानं ते स्टोव्हवर धरून मऊ केले, हे दादा अशा आवाजात सांगतो की स्टोव्ह यानंच धरला होता असं वाटावं. "पण त्या मोहिमेसाठी बूट पायाच्या मापानं बनवून घेतले होते," तो शेवटी म्हणतो आणि उसासा टाकतो. हिलरीच्या धाडसाचा त्याला हेवा वाटत नाही, मापाचा वाटतो.

त्याचं मन सगळ्यात जास्त दुखावलं ते एका सरकारी पाहणीनं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभर हिंडून एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, भारतीयांसाठी बुटांचं स्वतंत्र माप ठरवावं म्हणून. निघालं काय, तर आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात. बातमी वाचून दादानं पेपर घडी करून ठेवला. "एक लाख माणसं मोजली," तो म्हणाला, "आणि माझ्याकडे एक जण आला नाही." पुढं दिवसभर तो आम्हा सगळ्यांच्या पायांकडे बहुमतवाल्यांकडे बघावं तसा बघत होता.

ट्रेकला सोबत असलो की दादाची लेस हा वेगळा अध्याय. जीपवाला पायथ्याशी सोडतो आणि आमचा चहा होऊन बिल देईपर्यंत हा पहिल्या बुटाच्या चौथ्या आकड्यावर असतो. चढाईची लेस वेगळी, उताराची वेगळी. माथ्यावर सगळे फोटो काढतात, तेव्हा दादा खाली वाकलेला असतो. आमच्या प्रत्येक ग्रुप फोटोत त्याच्या टोपीचा वरचा भाग आहे. एकदा गुंजवण्याच्या वाटेवर गावातली एक मावशी डोक्यावर ताकाची कळशी घेऊन, पायात पट्टा तुटलेली प्लास्टिकची चप्पल अडकवून, आम्हाला मागं टाकून वर गेली. आम्ही ओशाळलो. दादा मात्र तिच्या पावलांकडे कौतुकानं बघत राहिला. "पंजा बघ कसा पसरलाय. या पायाला काहीही बसेल. नशीबवान आहे."

नाकारलेल्या बुटांचं काय होतं, हा प्रश्न साहजिक आहे. दुकानात बरा वाटलेला बूट पहिल्या किल्ल्यावर उघडा पडतो आणि एकदा चिखल लागला की दुकानदार तो परत घेत नाही. ते सगळे जोड कुटुंबात आणि सोसायटीत मुरतात. माझा पुतण्या कॉलेजला जलरोधक बुटांतून जातो. मेव्हणे भाजी आणायला घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घालून मंडईत जातात. सोसायटीच्या वॉचमनच्या पायात कळसूबाई सहज होईल असे इटालियन बूट आहेत आणि तो दिवसभर खुर्चीवर बसलेला असतो.

खरं सांगायचं तर दादासारखा सोशिक माणूस मी पाहिला नाही. "चालवून घेऊ" हा त्याचा आयुष्याचा मंत्र. पाणी आलं नाही? चालवून घेऊ. बढती दिली पण बदली चंद्रपूरला? चालवून घेऊ. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी ऐन वेळी साठ पानं वाढवली, तेव्हा आम्ही सगळे दात-ओठ खात होतो आणि हा आचाऱ्याला सांगत होता, "भात थोडा जास्त टाका, चालवून घेऊ." वहिनीचं म्हणणं असं की, "मला बघायला आले तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत हो म्हणाले. बूट बघताहेत तो लेक शाळेत होती तेव्हापासून." पण मला वाटतं, आयुष्यात सगळीकडे चालवून घेणाऱ्या माणसाला हट्ट करायला एक तरी जागा लागते. दादानं ती घोट्याच्या खाली ठेवलीय. तिथं चालवून घेता येत नाही, कारण तिथूनच चालायचं असतं.

मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि दादा-वहिनी पहिल्यांदा अमेरिकेला गेले. लोक नायगारा बघतात. दादानं बुटांचं एक दुकान बघितलं. तिथं त्याचा पाय एका थंडगार धातूच्या पट्टीवर ठेवला गेला. ब्रॅनॉक नावाच्या बूटविक्याच्या मुलानं 1920 च्या दशकात काढलेलं ते माप. ते लांबी मोजतं, रुंदी मोजतं आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही मोजतं. दादाचा गळा भरून आला होता, असं वहिनी सांगते. विक्रेत्या मुलीनं आकडा वाचला: रुंदी 'बी'. तिकडे पुरुषांची सर्वसाधारण रुंदी 'डी' धरतात. 'बी' ही सर्वसाधारण धरतात ती बायकांची. ती मुलगी अजिबात न बिचकता आत गेली आणि बायकांचे बूट घेऊन आली. राखाडी रंग, जांभळ्या पट्ट्या, गुलाबी लेस.

दादानं इकडेतिकडे पाहिलं. वहिनीनं तोंडाला पदर लावला. मग त्यानं टाच ठक्‌ ठक्‌ केली, लेस ओढली, उतारावर गेला, खाली आला, परत गेला. तो काहीच बोलेना, तेव्हा लेक घाबरली. "बाबा, काय झालं?"

"टाच हलत नाही," दादा म्हणाला.

बायकांचे बूट ज्या कलबुतावर, म्हणजे साच्यावर, बेततात ते टाचेला अरुंद आणि वरून बसकं असतं. म्हणजे दादा इतकी वर्षं दुकानाच्या चुकीच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. इथं परतल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते काळी लेस ओवण्याचं. जांभळ्या पट्ट्यांना तो "वांगी कलर" म्हणू लागला. राजगडाच्या चोर दरवाजापाशी एका कॉलेजातल्या मुलीनं आपला पाय पुढं करून "काका, सेम!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. पण पाली दरवाजानं उतरेपर्यंत ती दोघं टाचेच्या कपाविषयी इतकी रंगात येऊन बोलत होती की तिचा ग्रुप पुढं निघून गेला.

या बुटांवर त्यानं हरिश्चंद्रगड केला, रतनगड केला. नखं गुलाबी, चेहरा प्रसन्न. वहिनी मात्र मला हळूच म्हणाली, "यांना संध्याकाळी काय करावं सुचत नाहीये." खरंच, पिशवी दाराच्या खुंटीला लटकून धूळ खात होती. दादा वर्तमानपत्र दोनदा वाचायला लागला होता.

यंदा तळ झिजला. मुलगी दिवाळीला येताना त्याच नावाचा, त्याच नंबराचा, त्याच वांगी कलरचा नवा जोड घेऊन आली. त्या रात्री साडेदहाला दादाचा फोन.

"अरे, त्यांनी कलबूत बदललंय! पुढून रुंद केलंय, वरून उंच केलंय. टाच हलतेय. पट्टी लावून बघितली." आवाजात दुःख असायला हवं होतं. ते नव्हतं. "उद्या संध्याकाळी मोकळा आहेस का? कॅम्पात एक नवीन दुकान निघालंय म्हणे."

"आणि हे बूट?"

"त्यासाठीच फोन केला. तुझा पाय रुंद आहे. सातच ना तुझा?"

"साडेसात," मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर कागदाची कुरकुर ऐकू आली. तो बहुधा सव्वाचार मिलिमीटरचा हिशेब करत होता.

"आतलं इनसोल काढलं की बसेल," दादा म्हणाला. "चालवून घे."