संकटात गप्प बसणारा कर्नल

संगणक सुरू होत नाही. दुकानाचा हिशेब, घरातले फोटो, मुलीचा प्रकल्प, सगळं आतल्या डिस्कवर अडकलेलं. अशा वेळी माणूस बचाव डिस्क लावतो. तिच्यावर एक किमान लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, असतो आणि सोबत मोजकी अवजारं. माझी तक्रार या कर्नलबद्दल आहे. तो लहान असायला माझी हरकत नाही. पण लहान करताना माणसाशी बोलणाऱ्या भागावरही कात्री चालते, याला आहे.

ही काटकसर फ्लॉपीच्या काळातली. साडेतीन इंची फ्लॉपीला दोन बाजू, दर बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमागे ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट. लेबलवर मात्र ‘१.४४ एमबी’. हा आकडा १०००च्या हिशेबात बसत नाही आणि १०२४च्याही नाही; एक एमबी म्हणजे १००० गुणिले १०२४ बाइट धरले तरच जुळतो. जिथे एकेका केबीसाठी झगडायचं, तिथे मापच धेडगुजरी. एवढ्या जागेत डेबियनची बचाव आणि इन्स्टॉलची फ्लॉपी बसवण्यासाठी ब्रूस पेरेन्स यांनी १९९५च्या सुमारास बिझीबॉक्स लिहिलं: डझनावारी छोट्या आज्ञांचं काम करणारा एकच प्रोग्रॅम. तेव्हाची कापाकापी मला मान्य आहे. जागाच नव्हती.

आज साधा पेन ड्राइव्हसुद्धा अनेक जीबींचा असतो. तरी किमान कर्नल बांधायला बसलं की हाताशी येते ती २०१४मध्ये आलेली ‘टायनीकॉन्फिग’ ही तयार मांडणी. लहानात लहान कर्नल द्यायचं काम ती चोख करते. पण त्यात पडद्यावर संदेश लिहिणारी यंत्रणा बंद असते. टर्मिनल बंद असतं. प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणारा ईएलएफचा आधारही बंद असतो. असा कर्नल सुरू होतो तेव्हा पडदा काळा राहतो आणि तो चालला की मेला हे बघणाऱ्याला कळत नाही. दुसरी वाट ‘लोकलमॉडकॉन्फिग’ची. ती समोरच्या मशीनवर त्या क्षणी चालू असलेली मॉड्यूल तेवढी ठेवते. म्हणजे ज्या मशीनला काही झालेलं नाही त्याच्यासाठी कर्नल तयार होतो, आणि बचाव करायचा असतो दुसऱ्याच मशीनचा.

मग एकेक पर्याय हाताने निवडायचा. इथे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूची एक वाईट खोड आड येते: वरचा पर्याय चालू केल्याशिवाय खालचा दिसतच नाही. कन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ओळ हाताने लिहिली आणि ती ज्यावर अवलंबून आहे तो पर्याय बंद राहिला, तर फाइल पूर्ण करणारी ‘ओल्डडेफकॉन्फिग’ ही आज्ञा ती ओळ काढून टाकते, एका शब्दाचीही सूचना न देता. एवढी एक सूचना छापायला किती खर्च आला असता?

संदेश चालू ठेवले तरी सुटका नाही, कारण ते भलतीकडेच बोट दाखवतात. सुरुवातीची अवजारं कर्नल सीपीआयओ या गठ्ठ्यातून उघडतो. हा गठ्ठा ‘न्यूसी’ प्रकारात हवा. सीपीआयओ आज्ञा आपण न सांगता तो प्रकार वापरत नाही. गठ्ठा एक्सझेडने दाबला तर पडताळणी सीआरसी-३२ची लागते. एक्सझेड आपणहून सीआरसी-६४ लावतं. यातलं काही चुकलं की शेवटी पडद्यावर राहतं ते एवढंच: रूट फाइल सिस्टिम जोडता आली नाही, अज्ञात ब्लॉक (०,०). दोष गठ्ठ्यात आणि माणूस डिस्क तपासत बसतो. खरं कारण सांगणारी ओळ आधी येऊन वर निघून गेलेली असते. पूर्वी शिफ्ट आणि पेजअप दाबून कन्सोल मागे सरकवता यायचा. ती सोय २०२०मध्ये कर्नलमधून काढली. ती सांभाळायला कोणी नव्हतं आणि तिच्यात दोष निघाले होते, हे कारण मला पटतं. पण गेलेली ओळ वाचायची कुठे, याचं उत्तर बचाव डिस्क लावणाऱ्याला मिळालेलं नाही.

याहून वाईट संदेश गठ्ठ्यातला पहिला प्रोग्रॅम चालवताना येणाऱ्या ‘उणे दोन’ या क्रमांकाचा. अर्थ: अशी फाइल नाही. फाइल समोर असते, नाव बरोबर असतं, परवानगी बरोबर असते. नसते ती त्या प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी जोडून देणारी दुसरीच फाइल, कारण बिझीबॉक्स स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी पोटातच घेऊन, बांधलेलं नसतं. कोणती फाइल नाही, हे त्या संदेशात नाही.

हे सगळं पार पडून आज्ञा टाइप करायचं शेल उघडलं की कधी कीबोर्डच चालत नाही. यूएसबी कीबोर्डसाठी यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि एचआयडीचा आधार दोन्ही लागतात. यातला एक राहिला तर कर्सर नुसता लुकलुकत बसतो.

शेवटची तक्रार मला सगळ्यात जास्त लागते. वाचवलेला माल ठेवायला माणूस बहुधा फॅट फाइल सिस्टिमचा पेन ड्राइव्ह आणतो. फॅटचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असूनही हा पेन ड्राइव्ह जोडला जात नाही, कारण नावांच्या लिपीसाठी लागणारं कोडपेज ४३७ वेगळ्या मेनूत आहे आणि ते निवडायचं राहिलेलं असतं. तेही निवडलं आणि अक्षरसंच मूळचा आयएसओ ८८५९-१ राहू दिला, तर ‘आजीचे फोटो’ या फोल्डरच्या नावातली सगळी देवनागरी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात. त्या नावाने उघडायला जावं तर फोल्डर सापडत नाही. उपाय यूटीएफ-८ मागण्याचा, एका शब्दाचा. पण तो कर्नलच्या मांडणीत आधीच धरलेला नसेल तर जोडतानाच सांगावा लागतो. इंग्रजी नावं ठेवणाऱ्याला हा त्रास कधी कळत नाही. मराठी नावं ठेवणाऱ्याला तो नेमका बचावाच्या दिवशी कळतो. त्यात कर्नलचा मजकुराचा कन्सोल ५१२हून जास्त आकृत्या ठेवू शकत नाही आणि जोडाक्षरं जुळवत नाही, त्यामुळे नावं बरोबर आली तरी डोळ्यांनी वाचता येत नाहीत.

कापायला कर्नलमध्ये भरपूर आहे. त्याचा स्रोत तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. आवाजाची कार्डं काढा, वेबकॅम काढा, रेडिओचे ट्यूनर काढा, वर्षानुवर्षं कोणी न वापरलेले नेटवर्कचे प्रोटोकॉल काढा. संदेश, कीबोर्ड, एनव्हीएमई आणि साटा डिस्क, एक्स्ट४, फॅट आणि यूटीएफ-८ यांना हात लावू नका. बचाव डिस्क बांधणाऱ्याने ती दुसऱ्याला देण्याआधी परक्या मशीनवर, यूएसबी कीबोर्डने, देवनागरी नावांच्या फाइली असलेल्या पेन ड्राइव्हसह चालवून पाहिली पाहिजे. नंतर मुद्दाम तिचा गठ्ठा बिघडवून पडद्यावर काय येतं तेही वाचलं पाहिजे. ते वाचून स्वतःला दोष सापडत नसेल, तर घाबरलेल्या माणसाला तो सापडेल अशी अपेक्षा ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.