उन्हाचा बंदोबस्त

पुण्यातली दुचाकीवरची बाई ओळखायची तर डोळ्यांवरून. बाकी सगळं झाकलेलं. डोक्याला स्कार्फ, तोही असा आवळलेला की बँकेच्या दारातला वॉचमन सावध व्हावा. अंगात पांढरा सनकोट, हातांत कोपरापर्यंत सुती मोजे आणि पायांत अंगठा वेगळा असलेले, चपलेत मावणारे मोजे. आजीबाईंपासून कॉलेजातल्या पोरींपर्यंत हाच गणवेश. मीही तो इमानेइतबारे वापरला. पण मोटारसायकल घ्यायचं ठरलं, ती चालवताना अंगावर काय घालतात याची चौकशी सुरू केली, तेव्हा लक्षात आलं की हा सगळा जामानिमा उन्हासाठी आहे. रस्त्यावर आपटलो तर उपयोगी पडेल अशी त्यात एक चिंधी नाही. पडण्यापेक्षा काळवंडण्याची धास्ती जास्त.

मोटारसायकल कशाला, हा प्रश्न सगळ्या नातेवाइकांनी विचारला. चांगली स्कूटर आहे की दारात! पुरुषांना असं कोणी विचारत नाही. त्यांना विचारतात, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ मला कोणीच ॲव्हरेज विचारेना, याचं खरं तर वाईट वाटलं.

शोरूममधला पोरगा मोठा आदबशीर. म्हणाला, ‘‘मॅडम, स्कूटर त्या बाजूला.’’ मला इकडचंच बघायचंय म्हटल्यावर तो माझ्या मुलाकडे वळला. मुलगा बारावीत, लायसन्सचा पत्ता नाही. सीसी, टॉर्क, पिकअप असं सगळं त्याला सांगून झालं आणि मग माझ्याकडे बघून, ‘‘मॅडम, यात रेड पण येतो.’’

मनात अर्थातच बुलेट होती. कोणाच्या नसते? पण क्लासिक 350 पेट्रोल-ऑइलसकट 195 किलो भरते आणि स्प्लेंडर 112 किलोंच्या आसपास. हे ऐंशीएक किलो गाडी पळत असताना कुठे जातात कोण जाणे, जाणवत नाहीत. ते हजर होतात पार्किंगमध्ये, उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ओढायची वेळ आली की. आमच्या सोसायटीचं पार्किंग नेमकं तसलंच आहे. म्हणून शोरूममध्ये मी आरशात बघणं सोडून दोनच गोष्टी करत होते. बसायचं आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का बघायचं. मग उतरायचं आणि स्टँड काढून गाडी मागे ढकलायची. नुसते चवडे टेकत असतील तर दिवाळीतल्या लक्ष्मी रोडवर ती गाडी आपली नव्हे. पोरगा म्हणाला, ‘‘मॅडम, असं कोणी बघत नाही.’’

खरी अडचण मात्र डाव्या हाताची आहे. स्कूटरवर डावी मूठ आवळली की मागचा ब्रेक लागतो. मोटारसायकलवर तिथे क्लच असतो. म्हणजे आडवा कोणी आला आणि हाताने जुन्या सवयीने आपलं काम केलं, तर गाडी थांबण्याऐवजी मोकळी सुटते. मागचा ब्रेक गेलेला असतो उजव्या पायाखाली आणि त्या पायाने जन्मात कधी जबाबदारी घेतलेली नसते. घाबरून करकचून ब्रेक मारणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीच एबीएस आहे. चाक जागीच अडकून घसरू देत नाही. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. दीडशेच्या आसपासच्या बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, हे मात्र आपण विचारल्याशिवाय कळत नाही. लायसन्स ‘विदाऊट गिअर’चं असेल तर आधी आरटीओची पायरी चढावी लागते, ते वेगळंच.

आता हेल्मेट. ते सैल घेण्याकडे आपला कल, वाढत्या अंगाचा फ्रॉक घ्यावा तसा. नवं हेल्मेट गाल दाबणारं हवं, इतकं की बोलताना गाल दाताखाली यावेत. आतली गादी वापराने बसते, मग बरोबर होतं. पट्टा लावून मागून वर उचललं आणि डोक्यावरून निघून आलं, तर ठेवून द्यायचं. आयएसआयचा शिक्का बघायचा. दुकानात दहा-पंधरा मिनिटं घालून बसायचं. कपाळावर एकाच जागी दुखलं तर ते आपल्या डोक्याचं नाही. मी तशी बसले असता एका गिऱ्हाइकाने मला मफलरचा भाव विचारला. अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही, त्यामुळे मानेवरची वेणी आली. आतलं थर्माकोल एकदाच मार खातं. जोराचा आपटा बसला की वरून कितीही तुकतुकीत दिसो, ते बाद.

हातमोजेही बदलले. माणूस पडताना आधी हात टेकतो, म्हणून या मोज्यांना तळव्यावर कडक चकती असते. सुती मोज्यांचं तळव्याशी काही घेणंदेणं नव्हतं. जॅकेट जाळीचं घेतलं, हवा खेळते. खांद्या-कोपरांत संरक्षक पॅड आहेत. पाठीत मात्र बऱ्याचदा नुसता स्पंज घालून देतात, खरं पॅड वेगळं विकत घ्यावं लागतं. बूट घोट्याच्या वर जाणारे. सगळं बिल बघून नवरा म्हणाला, ‘‘एवढ्यात बरी पैठणी आली असती.’’ मी म्हटलं, आणि तिचा पदर कुठे खोचू?

पदरावरून आठवलं. मागच्या चाकाला ती जाळी असते ना, सारी गार्ड, ती 1989च्या नियमांतली आहे. मागे बसणाऱ्या बाईच्या कपड्यांची काळजी सरकारने तेव्हाच घेतली. पुढे बसणारीचे कपडे तेवढे तिच्या तिनेच बघायचे. मुलाचं म्हणणं, जाळी काढून टाक, लूक जातो. सासूबाई आतून ओरडल्या, ‘‘हात लावू नकोस तिला! मी बसणारे मागे.’’

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच, म्हणून त्यांना घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने भुवयांच्या वरून टेप फिरवला. माझं डोकं स्मॉल, त्यांचं मीडियम निघालं. घरी पोचेपर्यंत ही बातमी दोन्ही नणंदांना फोनवर कळलेली होती.