टोक दाबायचं राहिलं

अंधेरीच्या एका क्लायंटला वेबसाइटवर स्टीलचं वळणदार रेलिंग हवं होतं. गिऱ्हाइकाने ते ब्राउझरमध्येच बोटाने फिरवून बघायचं आणि ऑर्डर द्यायची. "फक्त टोकं गोल हवीत हं," ते म्हणाले. "दोन तासांत देतो," मी म्हणालो. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी गाठणाऱ्या माणसाने खरं तर वेळेबाबत कुणालाच शब्द देऊ नये.

ही कामं मी थ्री डॉट जेएसमध्ये करतो. रिकार्दो काबेयो या स्पॅनिश गृहस्थांनी ही लायब्ररी २०१०मध्ये आणली. तिच्यातलं 'एक्स्ट्रूड' म्हणजे आपला चकलीचा सोऱ्या. सपाट आकार ही चकती. खोली सांगितली की माल बाहेर. कडा गोल करायला 'बेव्हल' आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटला कारागीर हाफ-राउंड मारतो, तसंच. फक्त कारागीर घासून दगड कमी करतो आणि बेव्हल उलट वस्तू फुगवतो. जाडी दिली की ती पुढेही वाढते, मागेही. दिवाळीनंतर माझंही असंच होतं.

पण माझं रेलिंग वळणाचं होतं. सरळ दांडा असता तर तयार कॅप्सूल मिळाली असती. एक्स्ट्रूडला वळणाची वाट दिली की ते बेव्हल गुपचूप बंद करतं. ना एरर, ना इशारा. मी तासभर बेव्हलचे आकडे वाढवत बसलो. टोकं सुरीने कापलेल्या दुधीसारखी सपाटच. चिडून त्याच लायब्ररीतली 'ट्यूब' वापरली, तर तिला टोकंच नाहीत, आरपार भोक.

दुसऱ्या दिवशी मेट्रोत प्रत्येक दांडा कुठे संपतो ते मी बोटाने चाचपत होतो. शेजारचे काका जागृतीनगर यायच्या आत उठून पुढच्या डब्यात गेले. घाटकोपर ते वर्सोवा सव्वाअकरा किलोमीटरहून थोडं जास्त, स्टेशनं बारा. पण मला पहिलंच स्टेशन पुरलं.

उपाय निघाला तो असा: ट्यूबच्या दोन्ही तोंडांवर अर्धा गोल बसवायचा. तो त्या त्या टोकाशी वाटेची जी दिशा असेल तिकडे वळवायचा. शेवटचं टोक झकास बसलं. सुरुवातीच्या टोकाला मात्र दिशा उलटी करायची असते, हे मी विसरलो आणि ती वाटी पाइपाच्या पोटात गेली. काढली, उलटवली, लावली. तरी सांध्यावर बारीक फटी. ट्यूब मुळात घेराचे आठ तुकडे करते, गोल बत्तीस. अष्टकोनी डब्याला गोल झाकण! आता ट्यूबलाही बत्तीस करणं एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. चष्मा सावरून तिने स्क्रीनकडे पाहिलं.

"चकली का रे ही?"

"रेलिंग आहे, आई."

"असेल. पण शेवटचं टोक दाबलं नाहीस ना? तळताना सुटतं ते."

"दाबलंय गं! गोल केलंय, हे बघ."

ती आणखी पुढे वाकली. फटींवर बोट ठेवत म्हणाली, "मग मोहन जास्त झालंय."