ठोकाठोकी

"काय हो वहिनी, रात्री साडेदहाला कसली ठोकाठोकी? आमच्या सासूबाई म्हणाल्या, चोर भिंत फोडतायत."

"चोर परवडला असता! आमच्या ह्यांनी टेबल करायला घेतलंय. सुतारकामाचं. वाळूजला तीस वर्षं मशीन चालवली, आता रिटायर झाल्यावर हात शिवशिवतात. जिन्याखालची स्कूटरची जागा आहे ना, तिला आता वर्कशॉप म्हणायचं."

"अन् पाण्याचे ड्रम?"

"तिथंच तर गाडं अडलं. जायकवाडी भरू दे नाहीतर फुटू दे, आपला नळ येणार आठवड्यानं. ड्रम काय डोक्यावर घेऊ? म्हटलं, टेबल करा, पण ड्रम त्याच्या खाली बसला पाहिजे."

"बसला?"

"ऐका तरी. आधी लाकूड. मी म्हटलं, आझाद चौकात जा, तयार टेबल मिळेल. नाही! राजाबाजारात जुना वाडा पाडला, तिथलं सागवान आणलं. शंभर वर्षं मुरलेलं, आता वाकायचं नाही म्हणे. पण पोटात खिळे किती! पहिल्याच हाताला रंध्याचं पातं गेलं. मग फ्रिजवरचं साईबाबांचं चुंबक काढलं आणि फळीवरून इंच इंच फिरवलं. बाबा जिथं चिकटले तिथं खडूची फुली. सतरा फुल्या झाल्या, वहिनी!"

"बाबांनाच कामाला लावलं म्हणा."

"पाय तीन-तीन इंची, मागं तिरप्या पट्ट्या, वर भिंतीला बोल्ट. रंधा मारताना टेबल पुढं सरकतं, म्हणून. मेज कसलं, रणगाडा! पण ड्रम पस्तीस इंची, झाकण उघडायला वर हात जायला हवा, म्हणून उंची गेली बेचाळीसवर. आता हे रंधा मारतात तर कोपरं कानाला लागतात."

"अगं बाई!"

"चेलीपुऱ्याच्या मिस्त्रीमामूंना बोलावलं. ते बघूनच हसले. 'साब, रंधा हाथ से नई, पेट से चलता.' हात सरळ खाली सोडायचा, मनगट येईल तेवढीच उंची. म्हणजे अंगाचा भार फळीवर पडतो. ह्यांचं मनगट येतं तेहतीस इंचांवर. आणि स्वतः मामूंनी काय केलं? फळी जमिनीवर टाकली, पायाच्या अंगठ्याखाली दाबली अन् दहा मिनिटांत साफ करून दिली. टेबलाकडं ढुंकून पाहिलं नाही."

"मग कापा की पाय नऊ इंच."

"कापले तर ड्रम बाहेर. मी कापू देईन होय? शेवटी ह्यांनीच तोड काढली. माझे दोन पाट एकावर एक ठेवून वर उभे राहतात. तरी दोन-तीन इंच कमीच पडतात, तेवढं टाचा उचलून भागवतात. आता शुक्रवारी सवाष्ण जेवायला यायचीय. तुमच्याकडचा पाट द्याल का, संध्याकाळपुरता?"