वाऱ्याच्या दिवशी ड्रोन: नारायण पेठेतील होतकरू वैमानिकांसाठी

नारायण पेठेत ड्रोन उडवू पाहणाऱ्या उमेदवाराजवळ तीन गोष्टी असाव्यात: अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन, जादा पाती आणि गच्चीची किल्ली. पहिल्या दोन विकत मिळतात. किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते. ‘टाकीचा बॉल-कॉक बघून येतो’ असे सांगून ती मिळवू नये. पुढचे सहा महिने टाकीबद्दलच्या सगळ्या तक्रारी उमेदवाराकडे येतात.

अडीचशे ग्रॅमचा आग्रह कायद्यापोटी आहे. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ ठरतो आणि तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. बहुतेकांचे वाचन इथे थांबते. नियम मात्र पुढेही चालू राहतात. उड्डाणाआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहणे सक्तीचे आहे. लोहगावचा विमानतळ पेठेपासून सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटरवर, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय उंची मिळते ती फक्त २०० फूट. शिवाय पोलीस एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतात. तेव्हा केसरीवाड्याच्या मानाच्या पाचव्या गणपतीचे हवाई दर्शन घेण्याचा बेत उत्सवात तरी आखू नये. रांगेत उभे राहावे.

आता वारा. वेधशाळेचा आकडा जरूर पाहावा, त्यावर विसंबू मात्र नये. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून शिवाजीनगरला आले, म्हणून ते अजून ‘सिमला ऑफिस’. जगभरच्या रिवाजाप्रमाणे वारा मोजतात तो मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटरवर. नारायण पेठेत १० मीटरवर कुणाचे तरी स्वयंपाकघर असते.

पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा नदी ओलांडून येतो आणि पहिल्या रांगेतल्या इमारतींवर आदळतो. भिंतीवरून वर चढतो, कठड्याच्या काठाशी जोर धरतो आणि पलीकडे भोवरा करून खाली बसतो. बोळात शिरला तर आणखी पळतो. त्याच क्षणी शेजारच्या वाड्याच्या चौकात तुळशीचे पानही हलत नसते. या चौकाला नवशिके हमखास फसतात. ड्रोन तिथून शहाण्यासारखा उठतो, कौलांची रेषा ओलांडतो, आणि पुढच्या क्षणी शेजाऱ्यांच्या डिश अँटेनाकडे निघतो. चौकातून आभाळाचा तुकडाच दिसत असल्याने पुरेसे उपग्रह सापडलेले नसतात. जागा धरून ठेवण्याची सगळी भिस्त पोटाखालच्या कॅमेऱ्यावर असते, आणि उंची वाढली की त्यालाही काही दिसेनासे होते. गच्चीच्या स्लॅबवरून उडवावे, तर आतल्या सळया होकायंत्राला बहकवतात. (सचिवांना हे कारण सांगून पाहावे. किल्ली परत घेताना ते खूश होतात.)

डीजेआयचा मिनी २ उदाहरणाला घेऊ. वजन २४९ ग्रॅम, साध्या मोडमध्ये वेग सेकंदाला १० मीटर. कंपनी उड्डाणाची ३१ मिनिटे सांगते, तीही वारा नसताना. सेकंदाला ८ मीटर वारा पाठीशी घेऊन उमेदवार अप्पा बळवंत चौकाच्या दिशेने निघाला, तर ड्रोन १८ च्या वेगाने जातो आणि वीस सेकंदांत ३६० मीटर गाठतो. उमेदवाराला वाटते, हात बसला. परतताना वारा तोंडावर, उरलेला वेग सेकंदाला २ मीटर, वेळ तीन मिनिटे. मध्ये झोत १० वर गेला की ड्रोन पूर्ण ताकदीनिशी पुढे झुकून जागच्या जागी उभा राहतो आणि खाली पुस्तकांच्या दुकानातले गिऱ्हाईक वर बघू लागते.

अशा वेळी ‘घरी परत’चे बटण दाबण्याचा मोह होतो. ते बटण ड्रोनला आधी ठरलेल्या उंचीवर चढवते, आणि वर वारा जास्त असतो. छपरे चुकवून जमेल तितके खाली उतरावे, स्पोर्ट मोड लावावा आणि सरळ घरची वाट धरावी. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. हरवलेल्याच्या जागी दुसरा आणणे सोपे नाही.

म्हणून सराव नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जाऊन सुरू करावा, म्हणजे थकलेल्या बॅटरीला परतताना वारा ढकलतो. पेठेतून वाऱ्याच्या तोंडावर जाणे म्हणजे पावसाळ्यात नदीवर जाणे. तिथे भिडे पूल अधूनमधून पाण्याखाली असतो, वाहत्या पाण्यावर पोटाखालचा कॅमेरा गोंधळतो आणि डेक्कनच्या काठाने मेट्रोची २५,००० व्होल्टची तार गेलेली आहे. संक्रांतीला वारा बरा, पण हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातलेला नायलॉन मांजा तेव्हा अजूनही तारांवर लोंबत असतो.

मोकळी जागा पेठेत नाही, हे मान्य करायला नारायण पेठेतल्या माणसाला वेळ लागतो. शेवटी तो शिरूर-जुन्नरकडे एखादे शिवार गाठतो. तिथे मालकाची परवानगी घ्यावी आणि पोलीस पाटलांना आधी कळवावे, कारण २०२४ च्या पावसाळ्यात याच भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या धास्तीने लोकांनी रात्री जागून काढल्या आहेत. उड्डाण सकाळी करावे. ऊन चढले की जमीन तापते आणि झोत सुरू होतात. पहिला तास दोन मीटर उंचीवर, नाक स्वतःकडे करून, ड्रोन एका जागी धरण्यात घालवावा. तेवढ्यात बांधावर चार माणसे जमतातच. त्यांतला एक जण आपल्या विहिरीत पाणी किती आहे ते वरून बघून द्या म्हणतो. धूळ उडू लागली असेल, म्हणजे वारा सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर गेला असेल, तर ड्रोन पिशवीत घालावा आणि विहिरीपर्यंत त्याच्याबरोबर चालत जावे.