पंखा पाचवर

आपल्याकडे ऑपरेशनला मान आहे, केमोला तर फारच आहे. रोज रात्री जेवणानंतर घ्यायच्या इवल्याशा गोळीला मात्र काडीचा मान नाही. माझी केमो चालू होती तेव्हा नणंदेकडून डबे येत होते. केस गेले तेव्हा जाऊबाईंनी जुन्या इरकलीच्या मऊ टोप्या शिवून आणल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टजवळची पार्किंगची जागा न मागता देऊ केली. हे पुण्यात घडलं, यावरून आजाराचा दरारा लक्षात यावा. पुढे रेडिएशनचे शेक संपले, केस परत आले, तेही कुरळे, आणि डॉक्टर म्हणाले, “आता फक्त एक गोळी. रोज एक. पाच वर्षं.” घरच्यांनी ‘फक्त’ तेवढं ऐकलं, ‘पाच वर्षं’ माझ्या वाट्याला आली. आठवड्याभरात डबे बंद झाले आणि “आज आमटी जरा पातळ झाली का?” हा प्रश्न पूर्ववत चालू झाला.

माझी स्तनातली गाठ हार्मोन पॉझिटिव्ह होती, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी. “पण डॉक्टर, माझी पाळी जाऊन जमाना झाला, आता अंगात इस्ट्रोजेन आणायचं कुठून?” असं मी विचारलं होतं. तेव्हा कळलं की अंडाशयं रिटायर झाली तरी चरबी आणि स्नायू आपला घरगुती उद्योग चालूच ठेवतात. अरोमॅटेज नावाचं एक एन्झाइम दुसऱ्या हार्मोनांपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन तयार करत बसतं. लेट्रोझोलची अडीच मिलिग्रॅमची गोळी या उद्योगाला टाळं ठोकते. कॅन्सरची रसद तुटते हे उत्तमच. पण त्याच रसदीवर हाडं, सांधे, कातडी, झोप आणि माझा स्वभावही चालत होता, हे टाळं लागल्यावर समजलं.

पहिलं लक्षण मी वैशाखाच्या नावावर खपवलं. वैशाख गेला, आषाढ लागला, बाहेर धो धो पाऊस, आणि मी पदराने वारा घेतेय. छातीपासून एक कढ निघायचा, गळ्यावरून कानशिलांपर्यंत चढायचा, दरदरून घाम फुटायचा आणि पाठोपाठ थंडी वाजायची. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी एक जागा असते. इस्ट्रोजेन घटलं की तिची सहनशक्ती आखडते आणि पाव-अर्ध्या अंशाच्या फरकालाही ती आग लागल्यासारखी बोंब ठोकते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनी माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, “काय तेज आलंय हो चेहऱ्यावर! आजारी होतात असं वाटतच नाही.” तेव्हा माझ्या ब्लाउजच्या पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत पोचला होता. मी त्यांना तिळगूळ दिला. गोड बोलण्याचाच सण, इलाज नव्हता.

खरी लढाई रात्रीची. आमच्या बेडरूममध्ये एक पंखा, एक रेग्युलेटर आणि दोन ऋतू. जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या आसपास आलेला, हे कानटोपी घालून दोन रजयांखाली, आणि मी पंखा पाचवर करून खिडकीची झडप उघडलेली.

“अगं, न्यूमोनिया होईल मला.”

“अहो, मग हॉलमध्ये झोपा ना.”

“हॉलमध्ये डास आहेत.”

“इथे नाहीत, कारण पंखा पाचवर आहे.”

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने कढ ओसरला, मी कुडकुडायला लागले आणि त्यांची एक रजई ओढून घेतली. पंखा बंद करायला उठण्याचा मान त्यांचा. तेवढ्या वेळात दुसरा कढ यायचा. शेवटी मुलाने माझ्या बाजूला छोटा टेबल फॅन आणून ठेवला आणि सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेला, एका खोलीत एकच हवामान हा नियम आमच्याकडे मोडीत निघाला. सुती कपडे, उशाशी पाण्याची बाटली आणि गाऊनची दुसरी जोडी, संध्याकाळनंतर चहा बंद, तिखटाला हात आखडता, एवढ्यावर थोडं भागलं. थोडंच. चहा सोडणं कढापेक्षा जड गेलं हेही नोंदवून ठेवते.

तरीही झोपेचं खोबरं होत होतं तेव्हा डॉक्टरांनी वेनलाफॅक्सिनचा लहान डोस दिला. ते मुळात नैराश्याचं औषध, पण कमी मात्रेत हॉट फ्लशेसवर, म्हणजे या कढांवर, चालतं. यांनी खोक्यातला कागद चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला आणि दोन दिवस माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलले की मलाच काळजी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, “तुला कसलं दुःख आहे का गं?” मी म्हटलं, “आहे. तुम्ही ओले टॉवेल पलंगावर टाकता.” घरात एकदम मोकळं वाटलं. एक मात्र सांगून ठेवते, असली गोळी शेजारणीकडून उसनी घेऊ नये. टॅमॉक्सिफेन हे याच आजारावरचं दुसरं औषध चालू असेल तर पॅरोक्सेटिनसारखी काही औषधं त्याचा परिणामच कमी करतात. कुणाला काय चालतं ते डॉक्टरांनी ठरवायचं.

लेट्रोझोलने आमच्या इमारतीत एक गंमतही घडवली. एकदा सून माझी गोळी आणायला कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेली. रांगेत मागे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या. काकूंच्या भाचीने हीच गोळी घेतली होती, पण मूल व्हावं म्हणून. कारण बीजांड तयार व्हायला मदत म्हणूनही हेच औषध देतात. तिला पाच दिवस, मला पाच वर्षं, गोळी तीच. काकूंनी पाकिटावरचं नाव वाचलं, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि कानात म्हणाल्या, “होईल हो सगळं छान.” संध्याकाळपर्यंत दोन मजल्यांना कुणकुण लागली, आणि दुसऱ्या दिवशी काकू ओल्या नारळाची वडी घेऊन दारात. सून हसून हसून बेजार. “काकू, गोळी आईंची आहे,” असं तिने सांगितल्यावर काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

या औषधांचे खानदानी किस्सेच असे उलटसुलट. माझ्या केमोच्या वेळची मैत्रीण चाळिशीची, पाळी चालू असलेली, म्हणून तिला टॅमॉक्सिफेन. हे औषध इस्ट्रोजेन बनणं थांबवत नाही, त्याची जागा अडवून बसतं. 1962 साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते बनवलं, आणि कंपनीला हवं होतं कुटुंबनियोजन. उंदरांमध्ये छान काम झालं. बायकांमध्ये उलटंच, बीजांड सुटायला मदतच व्हायला लागली. दुसरं कुणी असतं तर बाटली कचऱ्यात गेली असती. पण 1971 साली मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून स्तनाच्या कॅन्सरवरचे त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज हिशेब असा आहे की हार्मोन पॉझिटिव्ह गाठीनंतर पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. नापास झालेल्या औषधाची ही कामगिरी. मैत्रिणीचे सांधे माझ्यापेक्षा बरे आहेत, पण तिच्या सूचना वेगळ्या. अवेळी रक्तस्राव झाला किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखलं, तर बसून राहायचं नाही, लगेच दाखवायचं. आम्ही दोघी फोनवर दुखणी अशी मोजतो की ऐकणाऱ्याला वाटावं भिशीचा हिशेब चाललाय.

आता सांध्यांकडे येते, कारण माझा मुक्काम तिथेच जास्त होता. लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांच्या आसपास जणींचे सांधे कुरकुरतात. माझे कुरकुरले नाहीत, त्यांनी सरळ असहकार पुकारला. सकाळी उठल्यावर बोटं मिटेनात. गॅसचा लायटर दाबायला दोन हात, कुकरचं झाकण काढायला मुलगा, लोणच्याच्या बरणीला अख्खं घर. कणीक सैल भिजवायला लागले तशा पोळ्यांनी महाराष्ट्राचा नकाशा सोडून इतर राज्यांचे धरले. उजव्या हाताचं मधलं बोट तर मुडपलं की मुडपलेलंच. डाव्या हाताने धरून सोडवावं तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन सरळ व्हायचं. नातू तो आवाज ऐकायला मित्रांना घेऊन यायचा.

भाचीच्या वास्तुशांतीला सत्यनारायणापुढे मांडी घालून बसले ही माझी हौस. कथेचे अध्याय निभावले. आरतीला सगळे उभे राहिले. मी एक हात जमिनीला टेकला, दुसरा टेकला, गुडघ्यावर आले आणि तिथेच अडकले. गुरुजींना वाटलं बाई साष्टांग नमस्कार घालतायत. त्यांनी कौतुकाने आरती थांबवली, लोकांना बाजूला केलं आणि म्हणाले, “घाला, घाला, सावकाश घाला.” आता माघार कशी घेणार? घातला. उठवायला दोन जावई लागले.

या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. तीळतेल, निर्गुडी, मेथीचे लाडू, कुणाच्या तरी वहिनीला गुण आलेली शतावरी. मेथीचे लाडू खाल्ले, ते दुखण्यासाठी नव्हे, आवडतात म्हणून. शतावरी डॉक्टरांना विचारली तर नको म्हणाले. ज्या हार्मोनला एवढा खर्च करून बाहेर काढलं, त्याच्या भाऊबंदांना मागच्या दाराने घेऊ नये हे मलाही पटलं. ताटातल्या सोयाबीनच्या भाजीला त्यांची ना नव्हती, ती घरच्यांची होती. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासलं, डेक्सा करून हाडांची घनता पाहिली, कॅल्शियम सुरू केलं आणि वर म्हणाले, “व्यायाम करा.” मी म्हटलं, “डॉक्टर, मला बादली उचलवत नाही.” तर त्यांनी अमेरिकेतल्या 121 बायकांची गोष्ट सांगितली. गोळीने सांधे दुखणाऱ्याच सगळ्या. त्यांतल्या निम्म्यांना वर्षभर आठवड्याला अडीच तास भराभर चालायला आणि दोनदा वजनं उचलायला लावलं, तर त्यांचं जास्तीत जास्त दुखणं 29 टक्क्यांनी उतरलं. 29 टक्के! साड्यांच्या सेलमध्ये एवढी सूट मिळाली तर आम्ही दुपारची झोप सोडून जातो.

म्हणून सोसायटीच्या जिममध्ये गेले. पंजाबी ड्रेस, ओढणीला गाठ, हातात एक-एक किलोची डंबेल्स. तिथल्या पोरांनी कानातल्या तारा काढून जागा दिली. पहिले काही दिवस दुखणं वाढलं, मग सकाळची बोटं जरा लवकर मिटायला लागली. पूर्ण बरं वाटलं असं म्हणणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी काही आठवडे गोळी थांबवली, दुखणं ओसरतंय हे पाहिलं आणि त्याच कुळातली दुसरी गोळी, एक्झेमेस्टेन, सुरू केली. ती मला बरी मानवली. अशी बदली होऊ शकते हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नसतं. कॅन्सरमधून वाचलेल्या बाईने बोटाच्या ‘टक्’ची तक्रार करायची म्हणजे लोक काय म्हणतील, ही धास्ती आपल्या हाडात कॅल्शियमपेक्षा जास्त मुरलेली असते.

एका गोष्टीची तर वाच्यताच होत नाही. तपासणीला एक तरुण डॉक्टरीण होती. तिने रक्तदाब विचारावा तितक्या सहज विचारलं, “आतून कोरडेपणा, आग, संबंधांच्या वेळी त्रास?” हे शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर वाचायला घेतलं आणि बोलणं संपेपर्यंत बहुधा डिसेंबरला पोचले. तिने हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर लिहून दिलं, आणि इस्ट्रोजेनची क्रीम मनाने लावायची नाही असं बजावलं. लिफ्टमध्ये दोघंही गप्प. तळमजला आल्यावर हे म्हणाले, “मुलगी हुशार आहे.” आमच्या संसारातलं या विषयावरचं हे सर्वांत लांब संभाषण.

घरच्यांसाठी एवढंच, की केस परत आलेली बाई दिसायला बरी दिसते म्हणून तिचे डबे एकदम बंद करू नका. आठवड्यातून एकदा चालेल, पोळ्या तेवढ्या द्या.

आणि ज्या बाईने त्रासाला कंटाळून गोळी गुपचूप बंद केलीय, अर्धं पाकीट मसाल्याच्या डब्यामागे ठेवलंय आणि विचारलं की “घेते ना” म्हणते, तिच्याशी थोडं बोलायचंय. तशा खूपजणी आहेत, तुम्ही एकट्या नाही. ते पाकीट पर्समध्ये टाका. काय काय होतं ते कागदावर लिहा, कारण डॉक्टरांच्या समोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं. लाजेची गोष्ट सगळ्यात वर लिहा, ती शेवटी ठेवली की राहून जाते. मग ते पाकीट आणि कागद टेबलावर ठेवून खरं काय ते सांगा. पुढची तारीख लांबची असेल तर फोन करून अलीकडची मागून घ्या.